दोन इंजिनांची जुनी बोट घेताना

या वेळी निवडलेली सर्व पत्रे ठाणे खाडीच्या काठावरची आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे. मात्र त्या प्रश्नात इतर अनेकांचे प्रश्न येऊन जात असल्याने ते आखडते घेतलेले नाही.

प्रश्न : स. न. वि. वि. मी नेरूळ येथे राहतो. निवृत्तीनंतर धाकटा भाऊ आणि मी मिळून एक वापरलेली बोट घेण्याचे ठरवले आहे. पाहिलेली बोट २८ फूट लांबीची, फायबरची, १९९६ च्या बांधणीची आणि अमेरिकेतून आणलेली आहे. तिच्यात ५.७ लिटरची दोन व्ही-आठ पेट्रोल इंजिने असून दोन्हींना स्टर्नड्राइव्ह आहेत. मीटरवर एका इंजिनाचे ४१० आणि दुसऱ्याचे ६३५ तास दिसतात. गेली तीन वर्षे बोट खाडीत नांगरून ठेवलेली आहे, पण मालकांनी आमच्यासमोर दोन्ही इंजिने चालू करून दाखवली. घारापुरी, मांडवा आणि क्वचित रेवसपर्यंत कुटुंबासह जावे, एवढीच आमची हौस आहे. ठरवलेल्या रकमेपैकी दोन तृतीयांश खरेदीत जाईल. उरलेल्या रकमेत अधिक ताकदीची इंजिने आणि नवी इलेक्ट्रॉनिक उपकरणे बसवावीत असा विचार आहे. एक इंजिन बंद पडले तरी दुसऱ्यावर घरी येता येईल, म्हणूनच आम्ही दोन इंजिनांची बोट शोधत होतो. हा निर्णय योग्य आहे का, आणि सुधारणा कोणत्या क्रमाने कराव्यात?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : दुसऱ्या इंजिनावर घरी येण्याचा आपला भरवसा आधी तपासू, कारण बाकीचा सगळा हिशेब त्याच्यावर उभा आहे.

२०११ च्या मार्च महिन्यात एका परिचितांच्या दोन इंजिनांच्या बोटीतून आम्ही घारापुरीहून परतत होतो. ओहोटी लागली होती. डाव्या बाजूच्या इंजिनाने दोन आचके दिले आणि ते बंद पडले. तांडेल निवांत होता. ‘दुसरं हाय ना,’ एवढेच तो म्हणाला. चार मिनिटांनी दुसरेही तसेच आचके देऊन थांबले. नांगर टाकून फिल्टरची काचेची वाटी सोडवली, तर तिच्यात वर बोटभर इंधन, खाली चहाच्या रंगाचे पाणी आणि तळाला काळा लगदा होता. दोन्ही इंजिने एकाच टाकीतून आणि एकाच नळीतून इंधन घेत होती. डेकवरच्या, इंधन भरण्याच्या झाकणाची रबरी कडी कडक होऊन चिरली होती आणि डेक धुताना प्रत्येक वेळी थोडे पाणी टाकीत उतरत होते. वडापावाच्या किमतीच्या त्या कडीने दोन इंजिने बंद पाडली, आणि मासेमारीच्या एका होडीने आम्हाला मोऱ्याला ओढून नेले.

तेव्हा टाकी, नळी, पाणी वेगळे करणारा फिल्टर, बॅटरी आणि थंड करण्यासाठी समुद्राचे पाणी घेण्याचा मार्ग, हे सर्व जेवढे दुहेरी असेल तेवढीच बोट दुहेरी असते. आपण पाहिलेल्या बोटीत या पाच गोष्टी कुठे एकत्र येतात ते स्वतः खाली वाकून, नळीला हात लावत शोधून काढावे. शिवाय वेगात पाण्यावर उचलून धावणारी २८ फुटी बोट एका इंजिनावर बहुधा उचलतच नाही. ती नाळ, म्हणजे पुढचे टोक, वर करून सहा-सात नॉटने (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) पाणी कापत येते आणि सुकाणू सतत एका बाजूला धरून ठेवावे लागते. उधाणाच्या ओहोटीला बंदरात दोन-अडीच नॉटचा ओढ समोरून असेल, तर घरी पोहोचण्याचा वेळ आपल्या अंदाजाच्या तिप्पट होतो. खरेदीपूर्वीच्या चाचणीत प्रत्येक इंजिन पाळीपाळीने बंद करून, निदान अर्धा तास एकेकावर बोट चालवून पाहावी, असे मी आग्रहाने सुचवतो. हे करायला विक्रेता नाखूश असेल तर त्यातही माहिती आहे.

आता बोटीकडे वळू. जुन्या बोटीत विकत घ्यायचा असतो तो सांगाडा. इंजिने बदलता येतात, कुजलेला सांगाडा बदलता येत नाही. स्टर्नड्राइव्हच्या बोटीत इंजिन आत आणि पंख्याचा (प्रोपेलरचा) पाय बाहेर असतो. या दोन्हींना जोडणारे मोठे भोक ट्रान्सममधून, म्हणजे बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीतून, पाडलेले असते आणि पंख्याचा सगळा रेटा त्याच भिंतीवर येतो. त्या काळातील बहुतेक बोटींच्या ट्रान्सममध्ये फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवूड असते. कुठल्या तरी स्क्रूच्या कडेने पाणी आत शिरले की बाहेरचा थर चकचकीत राहतो आणि आतले लाकूड चोथा होते. बोट पाण्याबाहेर काढून प्लास्टिकच्या हातोडीने ट्रान्सम वीतवीतभर अंतरावर ठोकत जावे. चांगल्या जागी ‘टक’ असा कोरडा, उंच आवाज येतो. जिथे ‘भद्’ असा भरलेला आवाज येतो तिथे खडूने खूण करावी. मग मालकाची परवानगी घेऊन शिडीचा किंवा ट्रिम पट्टीचा खालचा एखादा स्क्रू काढून पाहावा. स्क्रूच्या आट्यांत ओला, तपकिरी भुसा अडकून आला आणि त्याला कुबट वास येत असला, तर किमतीची बोलणी तिथेच थांबवावीत. इंजिने ज्यांवर बसतात त्या लांब आडण्यांचीही हीच तपासणी करायची. तळावरचे छोटे फोड मात्र दिसतात तेवढे भयंकर नसतात. त्यांवरून किंमत कमी करून घ्यावी, सौदा सोडू नये.

दोन इंजिनांच्या बोटीचा एक फायदा खरेदी करणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही. एक इंजिन हे दुसऱ्याचे माप असते. एकाच वयाची, एकाच बनावटीची, एकाच पाण्यात राहिलेली दोन इंजिने समोर असताना कोणत्याही आकड्यासाठी पुस्तक उघडावे लागत नाही; दोन्ही आकडे शेजारी लिहायचे आणि जिथे तफावत दिसेल तिथे प्रश्न विचारायचा. पाहणीला जाण्यापूर्वी ‘आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका’ असे कळवावे आणि पोहोचल्यावर प्रथम दोन्ही इंजिनांच्या मॅनिफोल्डांवर, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या ओतीव नळकांड्यांवर, हात ठेवावा. एक गार आणि एक कोमट लागले, तर कोमट इंजिन थंड असताना सुरू होत नाही, हे विक्रेत्याला माहीत आहे असे समजावे. त्यानंतर इंजिने गरम करून, सर्व स्पार्क प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजून घ्यावे. आपल्या बोटीत सोळा सिलिंडर आहेत, म्हणजे कागदावर आठ-आठ आकड्यांचे दोन रकाने होतील. एकाच इंजिनातील आकडे एकमेकांच्या दहा-पंधरा टक्क्यांच्या आत असावेत. शेजारशेजारचे दोनच आकडे पडलेले असतील, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा.

तासांच्या मीटरवरचा २२५ तासांचा फरक मला या सगळ्यापेक्षा अधिक खटकतो. जोडीतील इंजिने जोडीनेच चालतात. एक मीटर मधल्या काळात बंद होता, एक इंजिन बदललेले आहे, किंवा कित्येक महिने बोट एकाच इंजिनावर चालवली गेली, यांपैकी एक गोष्ट घडलेली असणार. इंजिनांचे क्रमांक कागदपत्रांशी ताडून पाहिल्यास दुसऱ्या शक्यतेचा उलगडा होईल. बाकीच्या दोन शक्यतांसाठी बिले मागावीत. तास कमी आहेत याचा आनंदही बेताने मानावा. खाऱ्या पाण्यात तीन वर्षे उभे राहिलेले पेट्रोल इंजिन चाललेल्या इंजिनापेक्षा लवकर संपते. एक्झॉस्टचे मॅनिफोल्ड आणि त्यांतला धूर पुढे नेणारे रायझर यांत थेट समुद्राचे पाणी खेळत असेल, तर ते आतून खात जातात आणि साधारण पाच-सहा वर्षांत बदलावे लागतात. बाहेरून रंग शाबूत असतो. आतली भिंत झिजून पाणी सिलिंडरमध्ये उतरले की इंजिन अडकते आणि एका रात्रीत निकामी होते. ते शेवटचे कधी बदलले याची पावती नसेल, तर ते बदलायचे आहेत असे धरूनच भाव करावा.

तीन वर्षे खाडीत नांगरून ठेवल्याचा उल्लेख आपण सहज केला आहे, पण स्टर्नड्राइव्हच्या दृष्टीने ठाणे खाडी आणि पनवेल खाडी या अवघड जागा आहेत. आपल्याकडे उधाणाला भरती-ओहोटीतील फरक साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो, आणि ओहोटीला बऱ्याच बोटी गाळावर टेकतात. आउटबोर्ड इंजिन, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगलेले इंजिन, उचलून पूर्ण पाण्याबाहेर ठेवता येते. स्टर्नड्राइव्हचा पाय कितीही उचलला तरी त्याचा बराचसा भाग पाण्यात राहतो. अनेक बनावटींत थंड करणारे पाणी घेण्याची छिद्रे त्याच पायावर असतात आणि त्यांत गाळ बसतो. रबरी बेलोजवर, म्हणजे पाय आणि ट्रान्सम यांच्यामधल्या घड्यांच्या रबरी नळ्यांवर, शिंपले धरतात आणि पाय हलला की त्यांच्या धारेने रबर कापले जाते. बेलोज फाटला तर पाणी थेट बोटीत येते. पाण्याखाली ६० सेंटिमीटरवर ३८ मिलिमीटरचे एक भोक मिनिटाला दीडशे लिटरच्या आसपास पाणी आत घेते, यावरून रात्रीतून बोटी का बुडतात याचा अंदाज यावा. पायावर झिंकचे किंवा ॲल्युमिनियमचे बळीचे गोळे, म्हणजे पायाऐवजी स्वतः झिजणारे तुकडे, आहेत का, की मागच्या मालकाने ते झिजून गेल्यावर पुन्हा लावलेच नाहीत, हे पाहावे. ते नसतील तर पायाचे ॲल्युमिनियमच त्यांच्याऐवजी झिजलेले असते. पायाला तांबेयुक्त अँटिफाउलिंग (शिंपले धरू नयेत म्हणून लावायचा) रंग फासलेला असेल, तर तीही चूक आहे.

इंधनाच्या बाबतीत परिस्थिती अलीकडे बदललेली आहे. वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल २०२३ पासून टप्प्याटप्प्याने पंपांवर आले आणि २०२५ पर्यंत ते देशभर नेहमीचे पेट्रोल झाले. बोटींच्या इंजिनांचे प्रमुख उत्पादक मात्र बहुतेक ठिकाणी दहा टक्क्यांपर्यंतच्या इथेनॉललाच मान्यता देतात, आणि १९९६ च्या रबरी नळ्या व कार्ब्युरेटरचे भाग तर त्या विचाराने बनवलेलेच नव्हते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. मोटारगाडीची टाकी आठवड्यात रिकामी होते म्हणून तिथे ते खपून जाते. बोटीची टाकी महिनोन्‌महिने अर्धी भरून उभी राहते. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसतात, आणि इंजिनाची नळीही नेमकी तळातूनच ओढते. या बोटीची टाकी ॲल्युमिनियमची आणि डेकखाली फोममध्ये बसवलेली असण्याचा बराच संभव आहे. ओल्या फोममध्ये तीन दशके बसलेल्या टाकीवर मी विश्वास ठेवणार नाही.

अधिक ताकदीच्या इंजिनांविषयी आपण विचारले आहे, म्हणून एक हिशेब मांडतो. वेगात उचलून धावणाऱ्या बोटीचा वेग ताकदीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. वजन तेच ठेवून ताकद वीस टक्के वाढवली, तर वेग नऊ-साडेनऊ टक्के वाढतो. आपली बोट आज २८ नॉट धावत असेल, तर मोठ्या खर्चानंतर ती साडेतीस नॉटच्या थोडी वर धावेल, आणि दहा सागरी मैलांच्या प्रवासात आपली जेमतेम दोन मिनिटे वाचतील. पूर्ण ताकदीवर पेट्रोल इंजिन दर शंभर अश्वशक्तीमागे तासाला साधारण ३८ लिटर पेट्रोल पिते. आपली दोन इंजिने मिळून पाचशे अश्वशक्तीची धरली, तर तासाला १९० लिटर होतात. सावकाश, नेहमीच्या प्रवासाच्या वेगाला त्याच्या निम्मे. हे आकडे घरातील ज्या व्यक्तीच्या संमतीने बोट घेतली जाणार आहे, त्या व्यक्तीला आधीच दाखवून ठेवावेत.

इंजिने बदलायचीच झाली, तर माझ्या मते वेगासाठी न बदलता गाळ आणि इंधन या दोन कारणांसाठी बदलावीत. डिझेल इंजिने बसवल्यास त्याच कामाला इंधन साधारण तृतीयांशाने कमी लागते आणि पेट्रोलच्या वाफेचा धोका टळतो. पण डिझेल जड असते, त्याच्याबरोबर ड्राइव्हचे गुणोत्तर, पंखे, एक्झॉस्ट आणि हवेचे मार्ग असे सगळेच बदलते, आणि खर्च बोटीच्या किमतीला मागे टाकतो. दुसरा मार्ग म्हणजे आतील इंजिने व ड्राइव्ह काढून, ट्रान्समचे भोक बुजवून, मागे ब्रॅकेटवर दोन आउटबोर्ड बसवणे. दीडशे अश्वशक्तीचे फोर-स्ट्रोक आउटबोर्ड सुमारे सव्वादोनशे किलोचे असते, तर आपले एक व्ही-आठ ड्राइव्हसह साडेचारशे किलोच्या आसपास जाते. एकूण वजन उतरते, पण ते मागे सरकते. म्हणून ट्रान्सम नव्याने बांधण्याची तयारी असेल आणि वजनाचा तोल जाणकाराने मांडून दिला असेल, तरच हा मार्ग धरावा. नेरूळच्या गाळात ठेवण्याच्या बोटीसाठी मला हा दुसरा मार्ग पटतो. त्यासाठी आज चालू इंजिनांची बोट शोधण्याचे कारण नाही. सांगाडा धडधाकट आणि इंजिने मेलेली अशी बोट आपल्याला याहून पुष्कळ स्वस्तात मिळेल.

आणि हीच बोट आहे त्या इंजिनांसह घेतली, तर पहिला पैसा टाकी, इंधनाच्या नळ्या आणि दोन स्वतंत्र फिल्टर यांवर जावा, दुसरा बेलोज, इम्पेलर (थंड करणारे पाणी ओढणारे रबरी चाक), मॅनिफोल्ड यांवर, तिसरा वायरिंगवर. इंजिनाच्या कप्प्यात घरगुती वायर किंवा मोटारगाडीचा स्टार्टर, अल्टरनेटर, इंधनपंप दिसला तर तो त्याच दिवशी काढावा. बोटीचे हे भाग ठिणगी बाहेर पडू नये अशा रीतीने बंदिस्त केलेले असतात, गाडीचे तसे नसतात, आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती तळाशी साचून राहते. इंजिन सुरू करण्यापूर्वी चार मिनिटे ब्लोअर (ही वाफ बाहेर काढणारा पंखा) चालवण्याचा नियम याच कारणासाठी आहे. इलेक्ट्रॉनिक उपकरणांपैकी सुरुवातीला खोली दाखवणारे यंत्र आणि व्हीएचएफ रेडिओ एवढे पुरे. मोठ्या पडद्याचा हट्ट पुढच्या वर्षावर टाकावा. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक मात्र सुकाणूजवळ लिहून ठेवावा.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने १९१७ चा जुना कायदा मोडीत काढला आहे, आणि आपल्याकडे ही नोंदणी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे होते. इंजिने बदलल्यास नोंदणीतील तपशीलही बदलून घ्यावा लागतो. बोट आयात केलेली असल्याने सीमाशुल्काचे बिल ऑफ एन्ट्री पाहिल्याशिवाय इसारा देऊ नये. अमेरिकन बोटीच्या ट्रान्समवर उजव्या बाजूला वरच्या कोपऱ्यात बारा अक्षर-अंकांचा सांगाडा क्रमांक कोरलेला असतो आणि त्याचे शेवटचे दोन अंक मॉडेलचे वर्ष सांगतात. आपल्याला ९६ सांगितले आहे. तिथे ८९ निघाल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

चाचणीची जागाही विचाराने निवडावी. १८ डिसेंबर २०२४ रोजी इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाची वेगवान बोट घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर आदळून अनेकांचे प्राण गेले. नवे किंवा नुकतेच उघडलेले इंजिन पूर्ण वेगात पळवून पाहायचे असेल, तर गेटवे-घारापुरी मार्गापासून आणि जेट्टींपासून दूर जावे आणि बोटीवरील प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट असावे. वाशी आणि ऐरोली पुलांमधील फ्लेमिंगो अभयारण्याची बाजूही यासाठी नाही.

प्रश्न : माझ्या २४ फुटी बोटीवर ७५ अश्वशक्तीची दोन टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिने होती. त्यांपैकी उजवे पूर्ण निकामी झाले आहे. डावे ठणठणीत असल्याने उजव्या जागी त्याच ताकदीचे एक नवे फोर-स्ट्रोक बसवले तर चालेल का?
— एक वाचक, चेंदणी, ठाणे

उत्तर : बसवता येईल, पण रोज त्रास देईल. फोर-स्ट्रोक चाळीस-पन्नास किलोने जड असल्यामुळे उभी बोटच एका बाजूला कलेल. दोन्हींचे गिअरचे गुणोत्तर आणि पंखा बहुधा वेगळा असेल, त्यामुळे दोन्ही मीटरवर सारखेच आर. पी. एम. दिसत असताना एक इंजिन बोटीला ढकलत असेल आणि दुसरे केवळ तिच्याबरोबर धावत असेल. त्यात एकाच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळायचे आणि दुसऱ्याच्या नाही, म्हणजे दोन टाक्या आल्या. घाईच्या दिवशी कोणीतरी चुकीच्या टाकीत चुकीचे पेट्रोल ओतणारच. टू-स्ट्रोकला साधे पेट्रोल गेले तर ते काही मिनिटांत जाम होते.

त्याच मॉडेलचे वापरलेले इंजिन शोधावे. मासेमारीच्या बंदरांवर अशी इंजिने अजून मिळतात. घेताना पंखा कोणत्या दिशेने फिरतो ते विचारावे. आपल्या जोडीत दोन्ही पंखे एकाच दिशेने फिरत होते की एकमेकांविरुद्ध, हे जुन्या इंजिनाच्या पंख्यावरून कळेल. विरुद्ध फिरणाऱ्या जोडीत एका बाजूची ओढ दुसरी बाजू काढून टाकते. जोडी बिघडली की सुकाणू हाताला ओढू लागते. वापरलेले मिळालेच नाही, तर चांगले डावे इंजिन विकून दोन्ही नवी घ्यावीत, किंवा पुढील पत्राचे उत्तर वाचावे.

प्रश्न : एक ३०० अश्वशक्तीचे इंजिन चांगले की १५० ची दोन? विक्रेते दोन घ्या म्हणतात.
— एक वाचक, वाशी

उत्तर : विक्रेते दोन घ्या म्हणणारच. पाण्यात एका पायाऐवजी दोन पाय असले की ओढ वाढते, वजन वाढते, आणि तेल, प्लग, इम्पेलर, झिंक हे सगळे दोनदा येते. म्हणून तेवढ्याच ताकदीचे एक इंजिन सहसा कमी इंधनात काम करते. दोन इंजिनांनी जेट्टीवर बोट जागच्या जागी वळवता येते, हे सुख खरे आहे. परंतु खाडी आणि बंदर यांच्या बाहेर फारसे जायचे नसेल, तर एक मोठे इंजिन आणि शेजारी दहा-पंधरा अश्वशक्तीचे, स्वतःच्या छोट्या टाकीवर चालणारे वेगळे इंजिन हा मला अधिक शहाणपणाचा खर्च वाटतो. ते छोटे इंजिन महिन्यातून एकदा चालवले पाहिजे, नाहीतर गरजेच्या दिवशी तेही सुरू होत नाही.

प्रश्न : दोन जुन्या इंजिनांची जोडी घेतली. पुस्तकात पूर्ण थ्रॉटलला ५,००० ते ६,००० आर. पी. एम. लिहिले आहे, दोन्ही इंजिने ४,७०० वरच थांबतात. मेकॅनिक इंजिन उघडायला सांगतो.
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : दोन्ही इंजिने एकाच आकड्यावर थांबत असतील, तर दोष बहुधा इंजिनांत नाही, दोन इंजिने एकाच वेळी सारखीच बिघडण्याचा योग दुर्मीळ असतो. बोट पाण्याबाहेर घेऊन तळ आणि पंखे खरवडून स्वच्छ करावेत. ऐरोलीच्या पाण्यात दोन महिन्यांत धरलेला शिंपल्यांचा थर काही शे आर. पी. एम. सहज खातो. तळाखाली साचलेले पाणी उपसून, नको ते सामान उतरवून पुन्हा चाचणी घ्यावी. तरीही आकडा कमीच राहिला, तर पंख्याची पिच, म्हणजे एका फेऱ्यात पंखा जेवढा पुढे सरकावा ते अंतर, कमी करावी. एक इंच पिच कमी केल्याने साधारण १५० ते २०० आर. पी. एम. वाढतात. आपल्याला दोन इंचांपासून सुरुवात करता येईल, आणि दोन्ही पंखे एकदम व सारखेच बदलावेत. मधल्या काळात पूर्ण थ्रॉटलवर चालवू नये, कारण चढावर वरच्या गिअरमध्ये रेटलेल्या गाडीसारखी त्या इंजिनांची अवस्था असते.

प्रश्न : जागेअभावी आमची दोन इंजिनांची बोट पावसाळ्यातही पाण्यातच ठेवावी लागणार आहे. काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, दिवाळे

उत्तर : शक्यतो तसे करू नये. सहा चौरस मीटरच्या उघड्या कॉकपिटमध्ये १०० मिलिमीटर पाऊस पडला की ६०० लिटर पाणी जमते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. दुसरा इलाजच नसेल, तर कॉकपिटवर उतार देऊन ताडपत्री बांधावी, उपसा करणारे दोन स्वतंत्र पंप दोन वेगळ्या बॅटऱ्यांवर, फ्यूजमधून थेट जोडावेत आणि मुख्य स्विच बंद असतानाही ते चालतात याची बादलीभर पाणी ओतून खात्री करावी. तळातून पाणी घेणारे सर्व व्हॉल्व्ह बंद करावेत आणि ते बंद असल्याची चिठ्ठी किल्लीला बांधावी, म्हणजे नारळी पौर्णिमेनंतर पहिल्यांदा इंजिन सुरू करताना पाण्यावाचून इम्पेलर जळणार नाही. दर उधाणाला दोरांची लांबी कोणीतरी जाऊन पाहिली पाहिजे. शेजारच्या होडीवाल्या नाखव्याशी त्याबद्दल आधीच बोलून, त्याचे पैसे ठरवून घ्यावेत.